कर्कवृत्ताचे सेकंद आणि फुलेवाडीचा ऊस: एका जिओकॅशिंग कोड्याचा प्रकरण अभ्यास

२०२४ च्या दिवाळीनंतर कोल्हापुरात जिओकॅशिंगचं, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून लपवलेला डबा शोधण्याच्या खेळाचं, एक नवं कोडं आलं. नाव साधं होतं, ‘कर्कवृत्त’. कोडं सोडवलं असं म्हणणारे बरेच होते, पण डबा कुणालाच मिळेना. त्यातच फुलेवाडीच्या बाजूला उभ्या उसात अनोळखी माणसं मोबाईल हातात धरून फिरताना दिसली आणि शेतकऱ्यांनी रास्तपणे आवाज चढवला. एका शेतात तर लावणीच्या कोवळ्या उसातून पायवाट पडली होती. कोडं चुकलं की माणूस हिरमुसतो, तेवढं चालतं. पण कोड्यामुळे दुसऱ्याचं पीक तुडवलं जात असेल, तर ते मुळापासून तपासायला हवं. कोडं रचणाऱ्या सरांनी मला त्यासाठीच बोलावलं.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ सुरू झाला. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा. यातला ‘मिस्टरी’ प्रकार मला सर्वांत जवळचा. यात जाहीर केलेल्या जागेवर डबा नसतो. कोडं सोडवून खरी जागा काढावी लागते आणि ती जाहीर जागेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असते. जागा लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: अंश, मग मिनिटं, आणि मिनिटांचे दशांश तीन स्थळांपर्यंत. कोल्हापूर म्हणजे उत्तर १६ अंश ४२ मिनिटांच्या आसपास, पूर्व ७४ अंश १४ मिनिटांच्या आसपास. अक्षांशातल्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम १.८ मीटर.

सर निवृत्त भूगोल शिक्षक. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज चाळिशीत आहेत आणि रस्त्यात भेटली तरी चप्पल काढून पाया पडतात. कर्कवृत्त हा त्यांचा आवडता धडा. जाहीर जागा रंकाळ्याच्या काठावर होती. डबा फुलेवाडीकडे, त्यांच्या मावसभावाच्या गुऱ्हाळाच्या आवारात, मालकाच्या परवानगीने ठेवलेला. जागा निवडताना सरांनी दाखवलेली काळजी मला मनापासून आवडली. पन्हाळा संरक्षित स्मारक, म्हणून तो नको. अंबाबाईच्या देवळाचा परिसर गर्दीचा, तिथे बेवारस डबा म्हणजे पोलिसांना बोलावणं, म्हणून तोही नको. गुऱ्हाळाच्या कुंपणाच्या दगडी भिंतीतली खोबण मात्र अगदी चपखल.

कोड्याचा मजकूर असा होता: “अंबाबाईच्या गावातून सरळ उत्तरेला निघा. जिथे सूर्य वर्षातून एकदाच माथ्यावर येतो आणि मागे फिरतो तिथे थांबा. त्या रेषेच्या मिनिटांमागचे तीन आकडे तुमच्या अक्षांशाला लावा. रेखांशासाठी ती रेषा ओलांडणारी राज्यं मोजा, तिला दोनदा भेटणारी नदी आठवा, आणि आपल्या राज्यात ती किती हे लिहा.”

रेखांशाचा भाग निर्दोष होता. कर्कवृत्त गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जातं. मही नदी त्याला दोन वेळा छेदते. महाराष्ट्रातून ते जात नाही. म्हणजे ८, २, ०. यात कुणीच चुकलं नाही, आणि त्यामुळेच पुढचा प्रकार घडला: शोधणारे सगळे एकाच रेखांशावर, उत्तर-दक्षिण एका सरळ ओळीत, वेगवेगळ्या शेतांत उभे होते.

घोळ अक्षांशाचा होता. सरांनी घेतलेला आकडा होता २३ अंश २६ मिनिटं २१.४ सेकंद. २१.४ सेकंद म्हणजे मिनिटाचा ०.३५७ भाग. म्हणून शेवटचे तीन आकडे ३५७, आणि डबा बरोबर तिथे. सरांच्या दृष्टीने उत्तर एकच होतं.

मी लोकांच्या नोंदी वाचल्या, काहींशी फोनवर बोललो, आणि प्रत्येकाने कुठला आकडा कुठून घेतला ते लिहून काढलं. हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शाळेच्या पुस्तकावर विसंबलेल्यांनी २३ अंश ३० मिनिटं घेतली. साडेतेवीस. मिनिटांमागे काहीच नाही, म्हणून ०००. ही मंडळी डब्यापासून सुमारे ६६० मीटर दक्षिणेला जाऊन पोचली. कोवळ्या उसातली पायवाट बहुधा यांचीच. पुस्तक खोटं सांगत नाही. वर्गात नकाशावर रेघ मारायला साडेतेवीस पुरतात.

पॉलिटेक्निकच्या दोन मुलांना इंटरनेटवर २३.४३६ हा आकडा मिळाला. तो दशांश अंशांतला, पण त्यांनी दशांशचिन्हामागचे ४३६ उचलून मिनिटांमागे लावले. ते १४५ मीटर उत्तरेला गेले, एका विहिरीपाशी. अंश-दशांश आणि अंश-मिनिटं यांची ही गल्लत जिओकॅशिंगमध्ये रोजची आहे. कोडं रचणाऱ्याने ती गृहीतच धरायला हवी.

तिसरा गट अभ्यासू होता. त्यांनी विचारलं: कर्कवृत्त आज कुठे आहे? हा प्रश्न रास्त आहे, कारण ते एका जागी नाही. पृथ्वीचा आस तिच्या कक्षेशी जितका कललेला, तितकं कर्कवृत्ताचं अक्षांश, आणि तो कल हळूहळू बदलतो. सुमारे ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात तो साधारण २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान फिरतो. सध्या तो कमी होतो आहे. १९०० साली तो २३ अंश २७ मिनिटं ८ सेकंद होता, २००० साली २३ अंश २६ मिनिटं २१ सेकंद. आर्यभट आणि भास्कराचार्य परमक्रांती, म्हणजे हाच कल, २४ अंश धरत. त्यांच्या काळी खरा आकडाही आजच्यापेक्षा मोठाच होता. वर्षाला जेमतेम अर्धा सेकंद, म्हणजे जमिनीवर साडेचौदा मीटर दक्षिणेला. तैवानमध्ये चियायी इथे १९०८ साली कर्कवृत्ताचं पहिलं स्मारक उभारलं, तेव्हापासून रेषा कितीतरी पुढे सरकली आहे. मेक्सिकोच्या तामौलिपास राज्यात एका रस्त्यालगत वर्षागणिक वेगळे फलकच लावले आहेत.

म्हणजे सरांचा आकडा २००० सालचा होता. या गटाने २०२४ चा काढला: ९.८ सेकंद, म्हणजे १६३. ते डब्यापासून सुमारे ३६० मीटर दक्षिणेला गेले. हे अंतर मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा कागद खाली ठेवून उठलो. कोड्यात रेषेच्या मिनिटांचे दशांश जसेच्या तसे आपल्या अक्षांशाला लावले होते. त्यामुळे २००० पासून कर्कवृत्त बांसवाड्याच्या बाजूला जितकं सरकलं, नेमकं तितकंच कोड्याचं उत्तर फुलेवाडीत सरकलं होतं. कोल्हापूरहून सरळ उत्तरेला गेलं तर रेषा राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यात भेटते, इथून साधारण ७४५ किलोमीटरवर. एवढ्या लांबची एक संथ हालचाल इथल्या उसाच्या सऱ्यांमध्ये दिसत होती. सरांनी ठरवून केलं असतं, तर यापेक्षा सुंदर कोडं झालं नसतं. फक्त डबा दर वर्षी साडेचौदा मीटर दक्षिणेला हलवावा लागला असता.

आणि विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी तर याच्याही पुढे गेली. तिने खगोलीय पंचांगातून त्या दिवसाचा खरा कल घेतला. चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा आस १८.६ वर्षांच्या फेऱ्यात किंचित डुलतो, त्यामुळे कलात सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९.२ सेकंदांचा फरक पडतो. २०२४-२५ च्या सुमारास हा फरक नेमका कमाल आणि अधिक बाजूला होता. म्हणून तिचा आकडा आला सुमारे १९ सेकंद, म्हणजे ३१७. ती डब्याच्या सर्वांत जवळ, पंचाहत्तर मीटरवर होती आणि तिथल्या बांधावरची करंजाची मुळं चाचपत राहिली. मला फोनवर म्हणाली, “काका, माझं उत्तर चुकलेलं नाही. मग डबा का नाही?”

तिचं म्हणणं खरं होतं. सरांचं उत्तर बरोबर, अभ्यासू गटाचं बरोबर, तिचंही बरोबर. तीन बरोबर उत्तरं आणि तीन वेगवेगळी शेतं. कर्कवृत्त ही गोष्ट सेकंदांपर्यंत विचारण्याजोगी नाही, आणि कोडं तर सेकंदाच्याही दशांशावर उभं होतं.

सरांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा पहिला उपाय होता मजकुरात ‘सन २००० चा मध्यम कल’, म्हणजे डुलणं वगळून धरलेला सरासरी कल, असं लिहायचं. त्याने उत्तर एकच झालं असतं, हे खरं. पण मग कोड्यात सूर्य उरला नसता, फक्त तक्त्यातला एक आकडा शोधायचा उरला असता. मी त्याला विरोध केला.

त्याच दिवसांत अंबाबाईचा किरणोत्सव आला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि एकेका दिवशी देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. तेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा घडतं. या दोन तारखा २१ डिसेंबरच्या दोन्ही अंगांना जवळपास सारख्या अंतरावर आहेत, कारण दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, एकदा जाताना आणि एकदा परतताना. ज्यांनी हे मंदिर योजलं त्यांनी सूर्याकडून सेकंद मागितले नाहीत, त्याला तीन दिवसांची मोकळीक दिली. गरुड मंडपात गर्दीत उभं राहून मी हे सरांच्या कानात बोललो. सर काही बोलले नाहीत, पण देवळातून बाहेर पडल्यावर महाद्वार रोडवर म्हणाले, “म्हणजे आकडा विचारायचा नाही. सावली विचारायची. भावा, हे आधी सांगायचं की!”

मग सावलीचा विचार सुरू झाला, आणि इथे कोल्हापूरच्या हवामानाने पहिली अट घातली. कर्कवृत्ताचा दिवस म्हणजे २१ जून. त्या दिवशी दुपारी कोल्हापुरात सूर्य माथ्याच्या उत्तरेला पावणेसात अंशांवर असतो, आणि एक मीटर काठीची सावली दक्षिणेला पडते, अवघी १२ सेंटिमीटर. आपल्याकडे माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडू शकते, हेच कित्येकांना ठाऊक नसतं. पण २१ जूनला कोल्हापुरात सूर्य दिसणार कसा? तेव्हा पावसाने ठाण मांडलेलं असतं. कुणी १६ जुलैची कर्कसंक्रांत सुचवली. पंचांगातली ती संक्रांत निरयन आहे, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली. तोवर खरा सूर्य दोन अंश खाली उतरलेला असतो, आणि पाऊस तर असतोच. ६ मेच्या आसपास कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, ऊनही कडक असतं. पण त्याने आपलं अक्षांश कळतं, कर्कवृत्ताचं नाही.

तोडगा सरांनीच काढला, आणि तो इतका नेटका आहे की मला त्याचा हेवा वाटतो. जून हवाच कशाला? सूर्य डिसेंबरात दक्षिणेला जितका जातो तितकाच जूनमध्ये उत्तरेला येतो. डिसेंबरात कोल्हापूरचं आकाश काचेसारखं असतं. तेव्हा २१ डिसेंबरच्या माध्यान्हीची सावली घ्यायची आणि २० मार्चची घ्यायची. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे त्या सावलीचा कोन (सूर्य माथ्यापासून जितके अंश खाली असतो तो) म्हणजे कोल्हापूरचं अक्षांश. डिसेंबरचा कोन म्हणजे कोल्हापूरचं अक्षांश अधिक पृथ्वीचा कल. दोन्हींतला फरक म्हणजे कर्कवृत्त. त्या रेषेच्या साडेसातशे किलोमीटर दक्षिणेला, आपल्या गच्चीवर उभं राहून, ढगाळ जूनची वाट न बघता ती मोजता येते.

मोजणीत आमचे बरेच दिवस गेले. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ असतो, त्यामुळे सरांनी प्लायवूडची लांब फळी पाणसळीने सपाट केली. काठी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ उभी केली, कारण मीटरची काठी एक अंश कलली तरी सावली पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत बदलते. वेळेचा मुद्दा मोठा होता. घड्याळात बारा म्हणजे कोल्हापूरची माध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७४ च्या जरा पुढे. डिसेंबरात इथला सूर्य ऐन दक्षिणेला येतो १२:३१ च्या सुमारास, मार्चमध्ये १२:४० च्या सुमारास. घड्याळाच्या बाराला मोजलं तर डिसेंबरची सावली ८४ ऐवजी ८६ सेंटिमीटर भरते आणि मार्चची ३० ऐवजी ३५. म्हणून सरांनी वेळ धरलीच नाही. पाऊण तास खडूने सावलीच्या टोकाच्या खुणा केल्या आणि सर्वांत आखूड खूण घेतली. टोकही रेखीव नसतं. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीच्या शेवटी सेंटिमीटरभर धूसर पट्टा येतो, त्याचा मध्य धरायचा. तारखेचाही असाच फरक आहे: डिसेंबरात तीन दिवस इकडेतिकडे झाले तरी सूर्य जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल, मार्चमध्ये मात्र एक दिवस चुकला की ०.४ अंश गेला.

एक मीटर काठीच्या सावल्या आल्या ८४ आणि ३० सेंटिमीटर. त्यांवरून कोन ४० आणि १६.७ अंश. फरक २३.३.

आता या २३ चं अक्षांशात काय करायचं? सरांचं मन पुन्हा दशांशाकडे धावत होतं. मी अडवलं. एक मीटर काठीवर सेंटिमीटरची चूक म्हणजे डिसेंबरात तिसरा हिस्सा अंश, त्याच्यापुढे काही मागायचं नाही. शेवटी ठरलं: फरक पूर्ण अंशात घ्या आणि तो ३८० मधून वजा करा. ३८० वजा २३ म्हणजे ३५७. डबा होता तिथेच राहिला. कुणाला २२ आला, कुणाला २४ आला, तरी जागा दोन मीटरसुद्धा हलत नाही. पहिल्या कोड्यात सेकंदाची चूक तीस मीटर झाली होती, इथे अख्ख्या अंशाची चूक दोन मीटरच्या आत मावते.

मार्चचा कोन आकड्यात वापरायचा नाही, हेही ठरवलं. १६.७ हा साडेसोळाच्या इतका लगत आहे की अर्ध्या सेंटिमीटरने १७ चा १६ होतो. त्याऐवजी पडताळणीसाठी एक ओळ घातली: दोन्ही कोनांची बेरीज ५५ ते ५९ मध्ये हवी. घड्याळाच्या बाराला मोजणाऱ्याची बेरीज ६० च्या वर जाते, आणि त्याला शेतात पाय ठेवण्याआधीच कळतं की काहीतरी चुकलं आहे.

सरांना एकच शंका उरली होती. आकडा इतका सैल, मग कुणीही साडेतेवीस घालून डबा उचलेल. यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. कोड्याचं नाव बदलून ‘दोन सावल्या’ ठेवलं आणि मजकुरातून कर्कवृत्ताचा उल्लेख पूर्ण काढला. दिले फक्त टेपपट्टीसकट सावल्यांचे दोन फोटो आणि त्यांच्या तारखा, म्हणजे कुणाला वर्षभर थांबायला नको. फरक २३ आला की तो कशाचा, हे शोधणाऱ्याने ओळखायचं. स्वतः सावली मोजून फोटो टाका, ही विनंती ठेवली. अट ठेवता येत नाही, कारण डब्याच्या नोंदीला असल्या जादा अटी लावणं २००९ पासून बंद आहे, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. राज्यांचा प्रश्न फिरवून लिहायचा सरांचा बेत होता. तो मी खोडून काढला. शेवटी ८, २, ० हे आकडे सरळ देऊन टाकले.

एप्रिलच्या सुरुवातीला नवं कोडं लागलं. पहिली नोंद नववीतल्या एका मुलीची आणि तिच्या आईची. मुलीने वहीत लिहिलं होतं की फरक काढल्यावर तिने आईला सांगितलं, हा आकडा भूगोलाच्या पुस्तकात आहे, आणि मग दोघींनी पुस्तक शोधायला माळा उपसला. विद्यापीठातली ती मुलगीही आली. तिने आपल्या गच्चीवर दोन मीटरची काठी लावून आकडे पुन्हा काढले आणि नोंदीत पूर्ण गणित लिहिलं. सरांनी ते छापून घरी लावलं आहे.

कोड्याच्या काठिण्याची श्रेणी चारवरून तीनवर आणली. गुऱ्हाळाच्या फाटकापाशी गाडी लावायची जागा वेगळी नोंदवली आणि उसातून वाट नाही, हे ठळक लिहिलं. ज्यांचं शेत तुडवलं गेलं त्यांच्याकडे सर स्वतः गेले, बरोबर गुळाची ढेप घेऊन. जून ते सप्टेंबर डबा बंद असतो, कारण तेव्हा गुऱ्हाळाकडे जाणाऱ्या वाटेवर गुडघाभर चिखल होतो.